प्रकल्प नोंदी : निदान केंद्राची ‘अनलिमिटेड’ जोडणी आणि ३,३०० जीबीची मर्यादा

२५ जुलै २०२४, गुरुवार

कराडमधील एका निदान केंद्राचे संगणक आणि नेटवर्क यांची देखभाल माझ्याकडे आहे. आज सकाळी डॉक्टरसाहेबांचा फोन आला की काल दुपारपासून सीटी स्कॅनच्या प्रतिमा पुण्याच्या रेडिओलॉजिस्टकडे वेळेत पोहोचत नाहीत आणि रात्रीचे दोन अहवाल आज सकाळी मिळाले. अशीच तक्रार मेच्या आणि जूनच्या अखेरीसही आली होती. दोन्ही वेळी राउटर बंद करून चालू केला गेला, एक तारीख उजाडल्यावर सगळे आपोआप सुरळीत झाले आणि विषय मागे पडला. या वेळी मूळ कारण सापडेपर्यंत नोंदी ठेवायच्या, असे ठरवून ही वही सुरू केली आहे.

केंद्रात गेल्यावर सर्वप्रथम फायबरच्या ओएनटीवर, म्हणजे तारेतून येणाऱ्या प्रकाशाचे इंटरनेटच्या संकेतांत रूपांतर करणाऱ्या डबीवर, येणारा प्रकाश तपासला. तो उणे १९ डीबीएम (प्रकाशाची ताकद मोजण्याचे एकक) होता, म्हणजे तारेत दोष नाही. उणे २७ च्या खाली गेला असता तर तारवाल्याला बोलावण्यात अर्थ होता. त्यानंतर सर्व संगणकांच्या तारा काढून, केवळ माझा लॅपटॉप जोडून वेग मोजला. योजना २०० एमबीपीएसची आहे आणि डाउनलोड १.९, अपलोडही १.९ भरला. अर्ध्या तासात सहा वेळा मोजले, सहाही वेळा आकडा दशांशाच्या पहिल्या स्थळापर्यंत तोच आला.

या सपाटपणावरूनच मला शंका आली. तार खराब असली, जोड सैल असला किंवा परिसरात गर्दी असली की वेग वरखाली होतो. कधी चाळीस मिळतो, कधी चार मिळतो, मध्येच पिंग, म्हणजे जोडणी तपासायला पाठवलेला छोटा संदेश, हरवतो. येथे रिकाम्या जोडणीवर पिंग ८ मिलिसेकंद आहे, डेटाचे एकही पाकीट हरवत नाही, आणि तरीही वेगाचा आलेख पाटावर रेघ ओढावी तसा दोनच्या खाली आडवा चालला आहे. ही कोणीतरी जाणूनबुजून घातलेली मर्यादा आहे.

२६ जुलै २०२४, शुक्रवार

सेवादात्या कंपनीच्या ग्राहक पोर्टलवर आज प्रवेश मिळाला. पासवर्ड कोणालाच आठवत नसल्यामुळे त्यातच सकाळ गेली. चालू महिन्याचा वापर ३,३०० जीबीपैकी ३,३०० जीबी असा दिसतो आणि मर्यादा संपल्याची वेळ २४ जुलै, दुपारचे २ वाजून ४० मिनिटे अशी नोंदली आहे. योजनेच्या नावात ‘अनलिमिटेड’ हा शब्द आहे. अटींच्या सातव्या पानावर असे आहे की दरमहा ३,३०० जीबीपर्यंत जाहीर वेग मिळेल, त्यापुढे महिनाअखेरपर्यंत २ एमबीपीएस मिळेल, आणि मोजणीत डाउनलोड व अपलोड दोन्ही धरले जातील. तेव्हा ‘अनलिमिटेड’ हे विशेषण डेटाला आहे, वेगाला नाही. आमच्या खानावळीतल्या अमर्याद थाळीचेही असेच असते. चौथ्या पोळीनंतर नाही कोणी म्हणत नाही, फक्त वाढपी दिसेनासा होतो.

३,३०० जीबी हा आकडा ऐकायला प्रचंड वाटतो, म्हणून त्याचा हिशेब मांडून ठेवतो. १ एमबीपीएसचा प्रवाह ३० दिवस अखंड चालू राहिला तर ३२४ जीबी होतात. म्हणजे ३,३०० जीबी म्हणजे महिनाभर सरासरी १० एमबीपीएसच्या किंचित वर. जाहिरातीतल्या २०० एमबीपीएसने जोडणी सलग वापरली तर हा साठा सुमारे दीड दिवसात संपेल. घरात एवढा वापर सहसा कोणी करत नाही आणि म्हणूनच घरगुती ‘अनलिमिटेड’ योजनांतही हाच आकडा सर्रास दिसतो व कोणाच्या लक्षात येत नाही. चोवीस तास काहीतरी वर पाठवत राहणाऱ्या आस्थापनेची गोष्ट वेगळी आहे.

नियमांची बाजूही पाहून घेतली. एफयूपीची, म्हणजे ‘फेअर यूसेज पॉलिसी’ या नावाने घातलेली वापराची, मर्यादा किती, तिच्या आधीचा वेग किती आणि नंतरचा किती, हे ग्राहकाला स्पष्ट सांगावे, असा निर्देश दूरसंचार नियामक ट्रायने जुलै २०१२ मध्ये दिला होता. २०१६ च्या निर्देशाने त्यात दोन गोष्टींची भर पडली. मर्यादेनंतरचा वेग ब्रॉडबँडच्या किमान वेगाच्या, म्हणजे तेव्हाच्या ५१२ केबीपीएसच्या, खाली जाता कामा नये. आणि वापर मर्यादेच्या ५०, ९० व १०० टक्क्यांवर पोहोचला की ग्राहकाला प्रत्येक वेळी कळवले पाहिजे. पुढे जानेवारी २०२३ च्या अधिसूचनेने ब्रॉडबँडची व्याख्याच २ एमबीपीएस झाली. आमच्या योजनेत मर्यादेनंतर नेमके २ एमबीपीएस का मिळतात, याचा उलगडा मला तरी येथे होतो.

मग सूचनेचे संदेश कोठे गेले? पोर्टलवर नोंदलेला मोबाइल क्रमांक कोणाचा आहे हे डॉक्टरसाहेबांना, मॅडमना किंवा स्वागतकक्षातील मुलीला ओळखता येईना. शेवटी हिशेब पाहणारे काका म्हणाले, “तो आपल्या जुन्या फोनचा नंबर आहे. जोडणी घेतली तेव्हा ओटीपीसाठी दिला होता.” त्यांनी टेबलाचा खालचा ड्रॉवर उघडला. पावतीपुस्तकांच्या खाली, रबर बँड लावलेल्या चार्जरसह, बटणांचा एक फोन होता. तो चार्जिंगला लावून दहा मिनिटांनी सुरू केला तेव्हा संदेशांचा एकामागून एक टिंगटिंगाट सुरू झाला. बंद फोनला जेवढे राखून ठेवले गेले तेवढेच आले असावेत, पण जुलैचे तीनही त्यात होते. कंपनीविरुद्ध तक्रारीचा जो मसुदा मी सकाळी मनात तयार केला होता, त्यातील निम्मा भाग त्या ड्रॉवरपाशीच गळून पडला.

नोंदणीकृत क्रमांक आणि ईमेल बदलण्याचा अर्ज आजच केला. क्रमांक स्वागतकक्षाचा दिला आहे, कारण तो फोन कधीही बंद नसतो.

२९ जुलै २०२४, सोमवार

महिना संपायला अजून तीन दिवस आहेत. तोपर्यंत २ एमबीपीएसमध्येच भागवायचे आहे. सीटीच्या एका छेदाची प्रतिमा ५१२ गुणिले ५१२ बिंदूंची असते आणि प्रत्येक बिंदूला दोन बाइट लागतात, म्हणजे एक प्रतिमा साधारण अर्ध्या एमबीची. आपल्याकडे एका तपासणीत सरासरी ८०० छेद होतात, म्हणजे सुमारे ४०० एमबी. पूर्ण वेगाने हे पुण्याला जायला अर्धे मिनिटही लागत नाही. २ एमबीपीएसने सत्तावीस मिनिटे लागायला हवीत. प्रत्यक्षात शनिवारी पावणेदोन तास लागले. एवढ्या अरुंद वाटेवरून आणखी कोणीतरी चालत होते.

राउटरवर चालू जोडण्यांची यादी उघडली तेव्हा चार कॅमेरे सापडले. दोन वर्षांपूर्वी शेजारच्या दुकानात चोरी झाल्यानंतर डॉक्टरसाहेबांना मोबाइलवर पाहता यावे म्हणून प्रवेशद्वार, पैशांची खिडकी, वाहनतळ आणि जिना येथील कॅमेऱ्यांचे चित्रीकरण क्लाउडवर ठेवण्याची सोय करून दिली गेली होती, आणि ते चारही कॅमेरे दिवसरात्र प्रत्येकी दीड एमबीपीएसने वर पाठवत होते. सहा एमबीपीएसची मागणी दोन एमबीपीएसच्या नळावर. कॅमेऱ्यांचा क्लाउडकडे जाणारा प्रवाह राउटरवर थांबवला आणि पॅक्स सर्व्हरच्या, म्हणजे स्कॅनच्या प्रतिमा साठवणाऱ्या यंत्राच्या, वाहतुकीला सर्वांत वरचे प्राधान्य दिले. पुढची तपासणी २८ मिनिटांत पोहोचली.

सीटीवरचा तंत्रज्ञ म्हणाला की डिस्कवर घालून एसटीने पाठवले असते तर लवकर गेले असते. मी हसण्यावारी नेणार होतो, पण हिशेब केला तर त्याचे म्हणणे खरे निघाले. दिवसभराच्या सर्व तपासण्या मिळून १२ जीबी होतात, त्या २ एमबीपीएसने पाठवायला तेरा तासांहून अधिक लागतात आणि कराडहून पुण्याची एसटी साधारण चार तासांत पोहोचते.

२ ऑगस्ट २०२४, शुक्रवार

१ तारखेला मध्यरात्री वेग पूर्ववत २०० झाला. कोणीही काहीही दुरुस्त न करता जोडणी बरी झाली, हाच निदानाचा अखेरचा पुरावा.

खरा वापर कळावा म्हणून कॅमेरे पुन्हा पूर्वीसारखे चालू केले आणि कालपासून मोजणी सुरू केली आहे. पहिल्याच दिवशी माझी चूक झाली, ती लिहून ठेवतो. एसएनएमपीने, म्हणजे नेटवर्कवरील यंत्रांना त्यांचे आकडे विचारण्याच्या पद्धतीने, राउटरचा बाइट-गणक दर दहा मिनिटांनी वाचून आलेख काढण्याची व्यवस्था लावली होती. काल रात्री आलेखात एकूण वापर ६१ जीबी दिसत होता आणि राउटरच्या स्वतःच्या पडद्यावर मात्र १४८ जीबी. शोध घेतल्यावर लक्षात आले की मी ३२ बिटांचा गणक निवडला होता. तो ४.२९ जीबीला भरून पुन्हा शून्यावर येतो. २०० एमबीपीएसने वाहतूक चालू असेल तर तीन मिनिटांच्या आतच एक फेरा पूर्ण होतो, आणि दहा मिनिटांनी वाचणाऱ्याला मधले फेरे कळतच नाहीत. रिक्षाचे मीटर दर चार किलोमीटरला शून्यावर येत असावे आणि आपण फक्त उतरताना पाहावे, तसा हा प्रकार झाला. ६४ बिटांचा गणक लावला, वाचन दर मिनिटाला केले आणि कोणत्या यंत्राकडून कोठे किती जाते हे कळावे म्हणून नेटफ्लोही सुरू केला.

१२ ऑगस्ट २०२४, सोमवार

अकरा दिवसांची मोजणी हाती आहे. रोजची सरासरी १५० जीबी आहे आणि तिची फोड पाहून डॉक्टरसाहेब थोडा वेळ काहीच बोलले नाहीत.

ज्या कामासाठी ही जोडणी घेतली, त्या स्कॅनच्या प्रतिमांचा वाटा दिवसाला १२ जीबी, म्हणजे एकूण वापराच्या ८ टक्के आहे. चार कॅमेरे ६५ जीबी घेतात. प्रतीक्षागृहातील टीव्ही सकाळी नऊपासून यूट्यूबवर असतो, त्याचे आणि रुग्णांच्या नातेवाइकांना दिलेल्या वायफायचे मिळून १७ जीबी होतात. संगणकांची अद्यतने आणि इतर किरकोळ कामे ८ जीबी. उरलेले ४८ जीबी रात्री दोन ते पाच या वेळात जातात आणि ते क्लाउडवरील बॅकअपचे आहेत.

४८ हा आकडा मला खटकला, कारण दिवसाला १२ जीबी तयार होत असतील तर बॅकअपही १२ चाच असायला हवा. बॅकअपच्या प्रणालीची मांडणी उघडून पाहिली. पॅक्स सर्व्हर शेवटच्या चार दिवसांच्या तपासण्या एका स्वतंत्र फोल्डरमध्ये ठेवतो, आणि बॅकअपला ‘केवळ नवे व बदललेले’ पाठवण्याऐवजी ‘संपूर्ण फोल्डर’ पाठवण्याची आज्ञा दिलेली होती. त्यामुळे प्रत्येक तपासणी चार रात्री, चार वेळा वर जात होती. ही मांडणी २०२२ मध्ये मीच केली होती. तेव्हा तपासण्या कमी होत्या आणि ‘संपूर्ण’ हा पर्याय अधिक सुरक्षित वाटला होता, एवढेच माझ्या बाजूने सांगता येईल.

सायंकाळी सातच्या सुमारास स्वागतकक्षाच्या फोनवर ५० टक्के वापर झाल्याचा संदेश आला. क्रमांक बदलल्याचे हे पहिले फळ. मात्र त्या क्षणी आमच्या राउटरवर महिन्याचा एकूण वापर १,७७० जीबी दिसत होता आणि ३,३०० चे निम्मे १,६५० होतात. कंपनीचे माप आमच्यापेक्षा कमी भरते आहे. ग्राहकाच्या बाजूने चूक करणारी मोजणी मी प्रथमच पाहत असल्यामुळे तिच्यावर लगेच विश्वास बसला नाही.

१४ ऑगस्ट २०२४, बुधवार

फरकाचा छडा लागला. आमचा आलेख १ जीबी म्हणजे १०० कोटी बाइट धरतो. कंपनीचे पोर्टल १,०२४ चा तीनदा गुणाकार करून येणारे १०७ कोटी ३७ लाख बाइट १ जीबी धरते. दोन्ही पद्धती प्रचलित आहेत आणि दोन्हींना लोक जीबीच म्हणतात. १,७७० ला १.०७३७ ने भागले की १,६४९ येतात, म्हणजे संदेश अगदी वेळेवर आला होता.

जुलैचे कोडेही यातच सुटते. रोज १५० जीबी धरले तर ३,३०० जीबी २२ तारखेला संपायला हवे होते आणि वेग तर २४ ला दुपारी उतरला. कंपनीच्या मापाने रोजचा वापर १३९.७ जीबी होतो, त्या हिशेबाने मर्यादा २३ दिवस आणि सुमारे पंधरा तासांनी, म्हणजे २४ तारखेला दुपारी तीनच्या आसपास संपते. पोर्टलवर २ वाजून ४० मिनिटे आहेत. केवळ वीस मिनिटांचा फरक येणे हा योगायोग आहे, कारण रविवारी वापर कमी असतो, परंतु हिशेबाची दिशा बरोबर आहे याबद्दल माझ्या मनात आता शंका उरलेली नाही. यापुढे या वहीत जेथे ‘कंपनीच्या मापाने’ असे लिहिलेले नाही, तेथे १०० कोटी बाइटांचा जीबी समजावा.

१७ ऑगस्ट २०२४, शनिवार

दुपारी तपासण्या संपल्यावर डॉक्टरसाहेब, मॅडम, काका आणि मी असे बसलो.

डॉक्टरसाहेबांचा पहिला प्रश्न असा होता की दोनशेचा वेग विकायचा आणि सरासरी दहाच्या वर वापरला की शिक्षा करायची, ही फसवणूक नव्हे काय. मला जे समजते ते मी सांगितले. आपल्याकडे येणारे फायबर जीपॉन पद्धतीचे आहे. एक्स्चेंजमधून निघणारा एक धागा वाटेत फोडून ३२ किंवा ६४ ग्राहकांना दिला जातो, आणि त्या सर्वांना मिळून खाली येण्यासाठी सुमारे अडीच गिगाबिट व वर जाण्यासाठी सुमारे सव्वा गिगाबिट एवढीच क्षमता असते. ६४ जणांत समान वाटली तर प्रत्येकाच्या वाट्याला खाली ३९ आणि वर १९ एमबीपीएस येतात. सर्वजण एकाच वेळी मागत नाहीत, या भरवशावर प्रत्येकाला दोनशेचे आश्वासन दिले जाते. त्या भरवशाला आपल्यासारखा सतत वाहणारा ग्राहक धक्का देतो. त्यामुळे मर्यादा असण्याला माझा आक्षेप नाही. तिच्या ओबडधोबडपणाला आहे. गर्दी असते ती रात्री आठ ते अकरा. आपला बॅकअप जातो पहाटे दोन ते पाच, जेव्हा तो धागा जवळजवळ रिकामा असतो. तरी मोजणीत दोन्ही वेळचे बाइट सारखेच धरले जातात. बीएसएनएलच्या डेटावन या जुन्या ब्रॉडबँड सेवेच्या काही योजनांत रात्री दोन ते सकाळी आठ ही वेळ मोजणीबाहेर असे आणि आम्ही गजर लावून डाउनलोड सुरू करायला उठत असू. त्या जुन्या योजनेत आजच्यापेक्षा अधिक तारतम्य होते, असे माझे मत आहे.

मॅडमनी विचारले की रुग्णवाहिकेला टोल नसतो, तर मग स्कॅनच्या प्रतिमा कंपनीने मोजणीतून वगळाव्यात अशी विनंती करता येईल काय. याचे उत्तर फेब्रुवारी २०१६ च्या नियमांत आहे. मजकुराच्या प्रकारावरून डेटाला वेगवेगळा दर लावण्यास ट्रायने तेव्हा बंदी घातली. आपत्कालीन सेवांसाठी दर कमी करण्याची मुभा त्यात ठेवली आहे, पण ती मुभा कंपनीला आहे, आपला हक्क नाही. शिवाय आपल्या प्रतिमा एकूण वापराच्या ८ टक्केच असल्यामुळे त्या वगळल्या गेल्या तरी मर्यादा दोन दिवसांनीच पुढे सरकेल.

लीज्ड लाइनचा, म्हणजे केवळ आपल्यासाठी राखून ठेवलेल्या जोडणीचा, पर्याय सर्वांत जास्त वेळ चर्चेत राहिला. तिच्यात वाटेकरी नसतात, वर आणि खाली वेग सारखा मिळतो, एफयूपी नसते, आणि बिघाड किती वेळात दुरुस्त करायचा हे करारात लिहिलेले असते. २० एमबीपीएसचे जे दरपत्रक आले आहे, त्यात महिन्याचे भाडे सध्याच्या सुमारे नऊपट आहे. काकांनी त्यावर एक मुद्दा मांडला, जो माझ्या डोक्यात आला नव्हता. इंटरनेटच्या बिलावर १८ टक्के जीएसटी लागतो. आपली निदान सेवा करमुक्त असल्यामुळे त्या कराची वजावट आपल्याला मिळत नाही, तेव्हा दर ठरवताना तो खर्चातच धरावा लागेल. त्यावर डॉक्टरसाहेब म्हणाले, “मग कॅमेऱ्यांसाठी नऊपट भाडे भरायचे का?” चर्चा तेथेच मिटली.

तीन स्वस्त घरगुती जोडण्या घ्याव्यात अशीही एक सूचना आली. त्या योजनांच्या अटींत व्यावसायिक वापराला मनाई आहे आणि ऐन रात्री अपघाताचा रुग्ण यंत्रावर असताना कोणी ती अट काढून जोडणी बंद केली तर तक्रारीलाही जागा राहणार नाही, म्हणून ती सूचना मी स्वीकारली नाही. ठरले ते असे की आधी वापर कमी करायचा आणि त्यानंतर, बिघाडाच्या वेळेसाठी, दुसऱ्या कंपनीची एक लहान व्यावसायिक जोडणी घ्यायची.

२० ऑगस्ट २०२४, मंगळवार

सर्व बदल काल दिवसभरात केले आणि मध्यरात्रीपासून ते लागू आहेत. बॅकअप ‘केवळ नवे व बदललेले’ यावर आणला. त्याआधी जुन्या प्रतींमधून तीन तपासण्या परत उतरवून त्या उघडतात याची खात्री केली, कारण न तपासलेला बॅकअप मी आता धरत नाही. कॅमेऱ्यांचे काम सर्वांत किचकट निघाले. क्लाउडवर जाणारे चार धरून एकूण आठही कॅमेऱ्यांचे चित्रीकरण आता केंद्रातीलच रेकॉर्डरवर होते. प्रत्येकी दीड एमबीपीएसने दिवसाला १३० जीबी होतात आणि नव्या ४ टीबीच्या डिस्कवर साधारण महिनाभराचे राहते. क्लाउडवर केवळ प्रवेशद्वार आणि पैशांची खिडकी हे दोन कॅमेरे, तेही हालचाल झाली तरच, पाठवतात. डॉक्टरसाहेब पूर्वीप्रमाणेच मोबाइलवर पाहू शकतात.

टीव्हीवर पेन ड्राइव्हमधील आरोग्यविषयक चित्रफिती लावल्या. त्यावर एक आजोबा नाराज झाले, कारण त्यांचे अकरा वाजताचे कीर्तन गेले. त्यांच्यासाठी दोन कीर्तने त्याच पेन ड्राइव्हवर घातली आहेत.

२८ ऑगस्ट २०२४, बुधवार

दुपारी बाराच्या सुमारास ९० टक्क्यांचा संदेश आला. स्वागतकक्षातील मुलीने तो मला लगेच पाठवला. बदलांनंतर रोजची सरासरी ४० जीबी आहे. त्यानुसार १ ते १९ तारखांचे २,८५० आणि उरलेल्या बारा दिवसांचे ४८० मिळून महिना ३,३३० वर, म्हणजे कंपनीच्या मापाने ३,१०० च्या आसपास संपेल. या महिन्यात वेग उतरणार नाही.

६ सप्टेंबर २०२४, शुक्रवार

उद्या गणपती बसणार असल्यामुळे दुसऱ्या कंपनीचा माणूस आज येईल अशी मला आशा नव्हती, पण तो आला. वायर ओढून झाल्यावर मी गच्चीवर गेलो, तेव्हा नवी काळी तार पहिल्या कंपनीच्या तारेलाच, त्याच विजेच्या खांबावर, एकाच केबल टायने बांधलेली होती. कंपन्या दोन आणि खांब एक. ट्रकचा टप त्या खांबाच्या तारांना अडकला तर दोन्ही जोडण्या एकत्रच तुटतील. त्याला चहा देऊन विनंती केली आणि पाऊण तास घालवून त्याने तार मागच्या गल्लीतून दुसऱ्या बाजूने आत घेतली.

पहिल्या जोडणीची तार ओएनटीतून उपसून चाचणी घेतली. राउटरने बावीस सेकंदांत वाहतूक दुसरीकडे वळवली आणि अर्धवट गेलेली तपासणी पॅक्सने स्वतःहून पुन्हा पाठवली. या नव्या योजनेची मर्यादा, मर्यादेनंतरचा वेग आणि अपलोड मोजले जाते किंवा नाही, हे तीन प्रश्न जोडणी घेण्यापूर्वी ईमेलने विचारून लेखी उत्तर घेतले आहे. फोनवरच्या प्रतिनिधीने तिन्हींना “सर, अनलिमिटेड आहे” एवढेच उत्तर दिले होते.

२४ सप्टेंबर २०२४, मंगळवार

जुलैमध्ये ज्या तारखेला वेग उतरला, त्याच तारखेला दुपारी २ वाजून ४० मिनिटांनी पोर्टल उघडले. वापर कंपनीच्या मापाने ८८१ जीबी. वेग १९७ एमबीपीएस. ५० टक्क्यांचा संदेश या महिन्यात येणारच नाही.

३० सप्टेंबर २०२४, सोमवार

हे काम आज बंद करणार होतो, परंतु डॉक्टरसाहेबांनी सांगितले की दिवाळीनंतर सीटीचे यंत्र बदलणार आहे. नव्या यंत्रावर छेद अधिक पातळ घेतात, त्यामुळे एका तपासणीतील प्रतिमांची संख्या दुप्पट धरावी असे तंत्रज्ञाचे म्हणणे आहे. तपासणी ८०० एमबीची झाली तर प्रतिमांचे रोजचे १२ जीबी २४ वर जातील आणि बॅकअपही तेवढाच वाढेल, म्हणजे एकूण रोजचा वापर ४० वरून ६४ जीबी होईल. मर्यादा लांब राहते, पण ५० टक्क्यांची पातळी महिन्याच्या २८ तारखेच्या दुपारी गाठली जाईल. स्वागतकक्षाच्या कॅलेंडरवर २८ नोव्हेंबरला लाल पेनाने तशी नोंद केली आहे; त्या दिवशी संदेश आला नाही तर आधी छेदांची जाडी विचारायची आणि मग पोर्टलवरचा क्रमांक तपासायचा.